निळा अभ्रा

औषधाच्या दुकानात ओहेदाबाईंनी ट्यूब दोन्ही हातांनी दिली,
दुरुस्त केलेलं घड्याळ परत देतात तशी.
म्हणाल्या, वाटाण्याएवढं. सबंध चेहऱ्याला मिळून एवढंच.
आधी चेहरा धुवायचा, मग थांबायचं
पूर्ण कोरडा होईपर्यंत.
डोळे, ओठ, नाकपुड्यांचे कोपरे सोडून.
येर्को सोळा वर्षांचा. मान खाली,
हूडची दोरी दातांत.

चिठ्ठीवर दोन औषधांची नावं, ट्यूब एक.
एक बुजलेली छिद्रं मोकळी करतं, दुसरं आतले जंतू मारतं.
मी विचारलं, भांडत नाहीत का आपसांत?
बाई हसल्या. म्हणाल्या, संसार करतात.

बारा आठवडे धीर धरा. आधी बिघडेल.
आणि उन्हाला जपायचं.
इथे, पुंता अरेनासमध्ये, वसंतात
आभाळाचं छप्परच विरलेलं असतं;
उन्हाचाही सिग्नल असतो आमच्याकडे,
त्या दिवशी तो जांभळा होता
आणि वारा असा, की माणसं खांबाला धरून वळत होती.

मी इस्पितळाच्या धुलाईत असते.
अठरा वर्षं चादरींवरचे डाग काढतेय:
रक्त, आयोडीन, गाजराचं सूप.
म्हणून उशीच्या निळ्या अभ्र्यावर काही दिसलं
तेव्हा सवयीने हात साबणाकडे गेला.
पण हे डाग नव्हतेच.
इथे काही लागलं नव्हतं, इथून काही गेलं होतं.
जिथे त्याचा गाल टेकतो तिथे
फिकट नारिंगी बेटं, सामुद्रधुनीच्या नकाशावरच्यासारखी.
गेलेला रंग कुठल्या साबणाने येतो?
मी ओरडले. टॉवेलवरून, शाळेच्या स्वेटरच्या गळ्यावरून.
तो म्हणाला, मग माझं तोंडच घाल ना तुझ्या मशीनमध्ये.

तिसरा आठवडा.
कपाळाची सालं निघाली, जुन्या पुटकुळ्यांना नवी भावंडं.
मिलेन्काच्या वाढदिवसाला गेला नाही.
जेवतानाही हूड.
एका रात्री न्हाणीघरात
ट्यूब भिंतीवर आपटल्याचा आवाज.
झाकण अजून सापडलेलं नाही.

दानिलो नुकताच बोटीवरून आला होता,
पोर्वेनिरची शेवटची फेरी करून.
माझ्या नवऱ्याचे गाल
ओल्या वाळूवर गारा पडून गेल्यासारखे.
त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही,
फक्त फोटोत नेहमी एकाच अंगाने उभा.
त्याने फरशीवरून ट्यूब उचलली,
तोंडाला प्लास्टिक गुंडाळलं, वर रबर लावलं,
आणि पोराला म्हणाला,
मी मीठ-लिंबू लावलं. मग टूथपेस्ट.
मग इंजिनाचं ग्रीस, कोणीतरी सांगितलं म्हणून.
मग नखं.
एवढंच. नंतर दोघं बेसिनपाशी उभे राहिले,
एक चेहरा कोरडा व्हायची वाट बघत.

आता नववा आठवडा. सगळं गेलेलं नाही,
डाव्या जबड्याखाली दोन बसून आहेत, हट्टी.
पण हूड मानेवर उतरलाय,
आणि काल तो शिट्टी वाजवत गेला, बेसूर.
मी त्याला पांढरे अभ्रे आणून दिलेत,
इस्पितळातून बाद झालेले, शिक्का आत वळवून.

आज सकाळी आमच्या अंथरुणाचे कपडे काढले.
दानिलोची उशी, तपकिरी अभ्रा,
आणि त्यावर, वाटाण्याएवढा,
एक फिका ठिपका.

माहितीपत्रक मी दोनदा वाचलंय.
जुन्या खड्ड्यांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

अभ्रा धुवायला टाकला नाही. परत चढवला.
ठिपका वर ठेवावा की खाली,
जरा वेळ उशी हातात धरून उभी राहिले,
मग कामावर जायला उशीर झाला.
सिग्नल आज पिवळा होता.