समास

इटगीच्या अलीकडं, रस्त्याला लागून
पत्र्याचं दूध केंद्र.
पहाटे साडेपाचला मी लॅपटॉप उघडला तेव्हा आत
एक काटा, फॅट बघायचं एक यंत्र
आणि भरमाण्णा मुतगेकरांची वही.

मी शहापुरातून आले होते
ती वही बंद करायला.

महिन्याभरात सगळं चालू झालं.
नाव, जनावर, लिटर, फॅट, दर.
पाच रकाने. सहावा केला नाही,
सहावं काही असेल
असं वाटलंच नाही.

मग तुळसा आली.
संघात तुळसाबाई गावडे, आधारवर कन्नडात तुळसव्वा,
आणि माझ्या यंत्रात दोन बायका.
एकीच्या नावावर दूध जमा होत होतं,
दुसरीच्या नावावर पेंडीची उधारी.
पहिलीला पैसे गेले, दुसरीला नोटीस.
दोघी एकाच पायऱ्या चढून आल्या,
एकच चपलांचा जोड दाराशी काढला.
"बाई," ती म्हणाली,
"ह्यातली मी कुठली?"

भरमाण्णांनी न बोलता वही काढली.
तिच्या ओळीशेजारी, डाव्या समासात, शिसपेन्सिलीनं:
तुळसा, तुळसव्वा. एकच.
त्याखाली: म्हैस आटली. मागू नये.
आणि आणखी खाली कन्नडात, वेगळं अक्षर,
त्यांच्या आधीचे सेक्रेटरी शिवलिंगप्पा यांचं.
मला वाचता येतं, लिहिता येत नाही:
सावकाश.
तो शब्द दोन्हीकडं एकच आहे.

शाळेत समास दोन शिकवले होते.
एक पट्टीनं आखायचा, पानाच्या कडेला, रिकामा सोडायला.
एक व्याकरणाचा, दोन पदं जवळ आणणारा,
पाच मार्कांचा.
एका शब्दाला एवढी दोन कामं कशाला
असं तेव्हा वाटायचं.

पाडव्याला हिशेब मिटला की
भरमाण्णा ते पान फाडून ज्याचं त्याच्या हातात देतात.
कुणी चुलीत घालतं, कुणी पोराला विमान करून देतं.
मी विचारलं, असं का?
"मिटलेली उधारी आपण कशाला ठिवायची?
ती काय लोणचं हाय, मुरवायला?"

मी त्यांना सांगितलं नाही
की माझं यंत्र काहीच विसरत नाही.
की हुबळीची एक कर्ज देणारी कंपनी
त्या न विसरण्याचे पैसे द्यायला तयार आहे,
आणि तिचा मेल आठ दिवस
मी उघडते, बंद करते, उघडते.

आता सहावा रकाना आहे. त्याला नाव नाही.
हव्या त्या लिपीत लिहा.
त्यात शोधता येत नाही, त्याची बेरीज होत नाही.
फक्त कुणाचे पैसे कापायच्या आधी
यंत्र तिथं अडतं
आणि समोरच्या माणसाला वाचायला लावतं.
पाडव्याला पान छापून हातात, आतलं पुसून.
नवा संगणक मी मागितला नाही.
संघाचाच, अकरा वर्षांचा;
त्यातली चित्रं काढली, रंग काढले,
करंट गेला तरी स्कूटरच्या बॅटरीवर
दोन्ही वेळचं दूध पार करतो.

संचालक म्हणाले, ह्या रकान्यापायी
रोज बारा मिनिटं जास्त जातात.
जातात. मी घड्याळ लावून बसले होते.
त्यातली चार तर
भरमाण्णा चष्मा शोधतात त्याची.

हुबळीला उत्तर धाडलं. एका ओळीचं.

पण पहिल्या महिन्याची एक प्रत
शहापुरात माझ्या कपाटात आहे,
साड्यांखाली, एका डबीत.
तिच्यात तुळसा अजून दोन बायका आहेत,
आणि त्यातल्या एकीला
नोटीस मिळालेली आहे.