बाजूचे दोन

खुजंदमध्ये नदीवर पूल किती, ते कुणीही सांगेल.
तोंडातले किती, ते मला विचारा.
बावीस वर्षं मी प्लास्टरच्या जबड्यांशी बोलते आहे
बाजारामागच्या गल्लीत, तळघरात,
जिथे खिडकीतून लोकांचे फक्त बूट दिसतात.

माणसं वरच्या मजल्यावर, डॉक्टर झरीनाकडे.
माझ्यापर्यंत येतो तो त्यांचा चावा,
गुलाबी मेणात उमटलेला.

मोहतोब आपा मात्र जिना उतरून खाली आली,
रुमालात सोन्याचा जुना ब्रिज घेऊन,
नुकताच कापून काढलेला, मधोमध चिरलेला.
वजन कर म्हणाली.
मी केलं. सात ग्रॅमला थोडं कमी.

एकतीस वर्षं आधी हे सोनं हसायचं, मग ती.
लग्नांत, बारशांत, प्रत्येक फोटोत
तिच्या चेहऱ्याआधी ते चमकलेलं.
पटाशीचे दोन दात कसे गेले विचारलं
की सांगायची, जर्दाळूच्या झाडावरून पडले.
झाड कधी काही बोललं नाही.
आणि डिसेंबरात जर्दाळूवर कुणी चढत नाही
हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं,
मोहल्लाही काही बोलला नाही.

साईदुल्लोनेच मग सोनं आणलं. नवरा.
तिच्याच आईच्या बांगडीचं.

मला माझ्या कामातलं एक कळतं, ते सांगते.
पूल बांधताना गेलेल्या दातांचं काहीच करावं लागत नाही.
करावं लागतं ते बाजूच्या दोघांचं.
धडधाकट असतात बिचारे, ना कीड, ना कळ,
त्यांना चारी अंगांनी तासायचं
खुंट उरेपर्यंत,
म्हणजे गेलेल्यांचा भार त्यांच्या डोक्यावर बसतो.
नंतर ते कधीच उघडे राहू शकत नाहीत.
वाराही झोंबतो.

हे मी तिला सांगितलं नव्हतं.
ती आपली स्टुलावर बसून म्हणाली,
त्याच वर्षी थोरलीची शाळा सुटली.
कापूस वेचायला माणूस कमी पडत होतं.

वर तात्पुरती टोपी बसवून देत होते, तिने नको म्हटलं.
आठवडाभर राहू दे असंच.
चहा कोमट करून पिईन.
मग माझ्या समोर, त्या खिंडारातून,
तिने नवऱ्याचं नाव घेऊन पाहिलं.
'सा' काही उमटेना. नुसती हवा आली.
पुन्हा घेतलं. पुन्हा हवा.
तेव्हा ती हसली, आणि हात
तोंडावर जाता जाता
वाटेतच थांबला.

सोनं थोरलीला देणार. आजीचं होतं, तिचंच म्हणाली.

रंग निवडायला मी पट्टी धरली तिच्या ओठांशी.
सगळे बायाबापे पांढराशुभ्र मागतात हल्ली,
समरकंदच्या टाइल्ससारखा.
तिने बोट ठेवलं खालच्या रांगेत, शेवटून दुसऱ्यावर,
जुन्या पिवळट हाडासारख्या.
माझे माझ्याकडे असते, म्हणाली,
तर एव्हाना असे झाले असते.

काल रात्री भट्टी थंड झाल्यावर
मी सगळ्यात बारीक कुंचला घेतला
आणि डावीकडच्या दातावर, हिरडीपाशी,
चहाची एक रेघ ओढली.