सवकास

सत्तावीस वर्षं वाळपई–पणजी गाडीवर
मी माणसं आत कोंबली.
"फुडें सर" म्हटलं की माणूस सरकतो,
शिव्या देत का होईना.
उभ्या गर्दीत कोणी तिकीट चुकवलं
ते मला पाठीनं कळायचं.

म्हणून पेटी घेतली तेव्हा वाटलं,
हे काय, गर्दीच तर आहे.

शाणू गावकर हसला नाही.
त्यानं आधी माझं घड्याळ काढून ठेवलं,
मग म्हणाला, उद्या वासाचं तेल लावून येऊ नको.
आणि तुझी विडी?
"माका त्यो वळखतात."

पहिला दिवस नुसता धुराचा.
सुकं सोडण, जाळ नको,
धूरही मनगटावर सोसेल इतका गार.
दारात दोन फुंका, मग थांबायचं.
किती?
"पान लावून होईस्तोवर."
पान त्यानं लावलं. मला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकट.
ऊन पाठीवर, चौकट पेटीच्याच वर:
राणी पडली तर घरात पडू दे,
पोफळींच्या पाटात नको.
"सवकास," तो म्हणाला,
घाईत हललेला हात त्यांना अस्वल वाटतो.
मी राणी शोधत होतो.
"राणी कित्याक जाय तुका? तांतीं पळय."
कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
सहाकोनी खोलीच्या तळाशी
सुईच्या टोकाएवढं पांढरं अंडं, उभं.
उभं म्हणजे आजचं. परवापर्यंत ते आडवं होईल.
म्हणजे ती आज इथून गेली आहे.
एवढं मला घरी पोचेपर्यंत पुरलं.

डंख अंगठ्याला.
काटा नखानं खरवडायचा, चिमटीत धरायचा नाही,
हे पाठ होतं.
पण तिकीट फाडणारी चिमूट माझ्याआधी पोचली.
अंगठा बिंबलासारखा झाला.

झाकण आठवड्यातून एकदा, शाणूनं सांगितलं होतं.
मी रोज उघडलं.
वहीत लिहिलं: सोमवार, अंडी आहेत.
मंगळवार, आहेत.
बुधवारी प्रेमावती म्हणाली,
तुमच्या न्हाणीचं दार रोज कोणी असं उघडलं तर?

शनिवारी पेटी हलकी लागली.
एकही मेलेली नाही, एकही रागावलेली नाही.
पोळी कोरी, मध पुसून नेलेला.
शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी होते
आणि सीटखाली कुणाचा तरी नारळ राहतो,
तसा एक नर, जाडजूड,
चौकटीवर गोल गोल फिरत.
पायांखालच्या चार करवंट्यांत
मुंग्यांसाठी ठेवलेलं पाणी तसंच.

शाणू ओरडेल म्हणून मी तयारीत होतो.
त्यानं पेटीत डोकं घालून हुंगलं.
"मेणाचो वास लागला. आतां हें घर जालें."

काजू फुलला तेव्हा त्याचा निरोप आला.
देवळामागच्या वारुळात, म्हणजे रोयणीत,
हातभर उंचीच्या एका फटीतून
त्या ये-जा करत होत्या.
माशीचं नाव सातेरी, रोयणीतल्या देवीचंही सातेरी.
इथं कोणी त्याचं नवल करत नाही.
शाणूनं वहाणा काढल्या.
मीही काढल्या, आणि विचारलं, फोडायची?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी वीस रुपयांच्या तिकिटाला
दोन हजारांची नोट देणाऱ्याकडे पाहायचो.
"थवो आपशींच भायर सरतलो."
कधी?
उत्तर नाही.

वीस पावलांवर, जांभ्या दगडावर पेटी ठेवली.
दार उगवतीला.
आत तीच जुनी पोळी.
शाणूनं पान काढलं, अर्धं मला दिलं.

दुपारी दोघी आल्या.
दार हुंगलं, आत गेल्या,
बराच वेळ आतच.
झाकणाकडे माझा हात निघाला होता.

शाणू काही बोलला नाही.
मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.