पायाला पत्ता नाही

पहाटेच्या ओहोटीला लोसालिने
शिंपले वेचायला प्रवाळावर गेली.
परतली तेव्हा एक चप्पल लाल.
म्हणाली, हे रक्त कुणाचं?

तळव्याला काहीच ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षांची साखर
आतली एकेक तार गुपचूप तोडत आलेली.

मी लिफुकाच्या दवाखान्यात नळ्या फिरवतो.
गरगर थांबली की
वर पिवळसर पाणी, तळाला तांबडा गाळ,
मधे पांढऱ्या पेशींची पुसट साय.
आज ती साय जाड होती.

सीआरपी त्र्याण्णव.
न्यूट्रोफिल धावत सुटलेले, लिम्फोसाइट मागे पडलेले.
पायाला पत्ता नाही
आणि रक्तात बोंबाबोंब!

‘दुखत नाही, मग कसला आजार?’
मी कागद पुढे करतो.
ती डोळ्यांजवळ नेते, लांब धरते, परत देते.
‘तूच वाच.’
आमच्या तोंगन बोलीत आकडे सुटे म्हणतात:
नऊ. तीन.
ती हसते. ‘नऊ तर माझी नातवंडं.
तीन कोण?’

मला उत्तर सुचलं नाही.

इंटरल्युकिनचं यंत्र इथे नाही.
तिची एक नळी बुधवारच्या विमानाने
थोरल्या बेटावर जाईल,
मासे जातात तशाच बर्फाच्या पेटीत.
तीही जाईल.
परत येताना दोन्ही पावलं असतील का,
हे मी बोललो नाही,
तिने विचारलंही नाही.

टेबलावर ओल्या फडक्यात सात शिंपले ठेवून गेली.
दारापर्यंत उमटलेले ठसे
मी संध्याकाळपर्यंत पुसले नाहीत.