तीन खाड्यांचा पास

एका खाडीचा नऊशे, तिन्हींचा एकवीसशे.
लाइट बिलाच्या पाठीवर
शमशाद परकार आकडे मांडते.

ऑक्टोबर ते मे.
त्यातून शुक्रवार वजा, उधाण वजा,
फेरीबोटीचं इंजिन रुसेल ते
आठ-दहा दिवस धरायचे.
दाभोळ रोजची.
जयगड महिन्यातून दोनदा,
तिकडच्या शिलाई मशिनी बिघडतात कमी.
बागमांडला
गेल्या मोसमात एकदाच,
तेही मयतीला.

खिडकीतला सुर्वे म्हणतो,
बाई, एकाचाच घ्या, तिन्हींत घाटा आहे.
हिशेब त्याचा बरोबर.

डिकीतले पाने, तेलाची बाटली सारून
ती एकवीसशे काढते.

बागमांडल्याला आता तिचं कोणी नाही.
पण एखाद्या रिकाम्या दिवशी
पलीकडे उतरून, चहासुद्धा न घेता
त्याच बोटीने परतावंसं वाटलं,
तर खिडकीशी कारण सांगावं लागू नये.