एक दंडवत जास्तीचा

तीळ-चतुर्थीच्या पहाटे, शास्त्री पुलाच्या उतारावर
थंडीनं बटण दाबायचं बोट आखडलेलं,
आणि समोर वत्सला शितोळे, वय अडुसष्ट, राहणार लोधीपुरा,
काल दुपारी तीनला राजवाड्यापासून निघालेली.
पालथं पडायचं, हात लांबवायचे,
बोटं पोचतील तिथं नारळ ठेवायचा,
उठून नारळापाशी जायचं, परत पालथं.
खजराना सात किलोमीटर, एका बाईच्या उंचीनं मोजलेलं.
नगर निगमनं रस्ता रात्रीच धुतला होता,
त्यामुळे लुगड्याला धूळ नव्हती,
नुसती ओल.

आम्ही पाच जण. तीन पेपर, एक चॅनल,
आणि एक मुलगा, कुठलाच नव्हे, फक्त मोबाइल.
मी डांबरावर मांडी घालून, लेन्स जमिनीला टेकवून.
असं केलं की नारळ पुढे मोठा येतो, मागे कपाळ.
सत्तावीस वर्षांत शिकलेली एवढीच भक्ती.
"गारठ्यात कशाला बसून राहिलात हो,"
ती जाता जाता म्हणाली.

नेमका दुधाचा टेम्पो आडवा गेला.
मावशी, परत एकदा होईल का? तेवढंच.
झालं की. तशीच पडली, तशीच उठली,
फोटो चांगला आला.
पण नारळ तिनं पुढे नेला नाही.
जुन्या खुणेवर परत येऊन उभी राहिली,
कपाळाला चिकटलेला खडा काढत म्हणाली,
"हा तुमचा झाला. त्याच्यात नाही धरायचा."

मला आजवर कुणी दंडवत घातला नव्हता.
कुठे ठेवतात तो?

चॅनलच्या पोरीनं माइक वाकवला, क्या मन्नत है माताजी?
"ते त्याला ठाऊक," आणि ती पालथी पडली.
पोरीनं माझ्याकडे पाहिलं. पाचांत मराठी मी एकटा.
पाच-सहा सेकंद तसेच, लाल दिवा चालू.
मी म्हणालो, कह रही हैं, शहर की सुख-शांति के लिए.
कुणी दचकलं नाही.
मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहिलं पान, पाच कॉलम:
उमड़ा आस्था का सैलाब.
खाली नारळ, कपाळ, ओलं लुगडं.
घराघरांत चहाबरोबर गेला
तो एक, जो देवाचा नव्हता,
आणि अवतरणचिन्हांत माझं वाक्य, तिच्या नावावर.

आठवड्यानं अंक द्यायला गेलो, बोळाच्या टोकाला.
तिच्या गुडघ्यांवर हळदीचा लेप.
पेपर भाच्यानं आधीच वाचून दाखवलेला.
बोलणी बसणार म्हणून मी चपला न काढता दारातच.
"शहराचं मी काही मागितलं नव्हतं हो.
माझंच काम मोठं होतं.
पण आता छापून आलंय. लोकांनी वाचलं.
म्हणजे शब्द गेला.
गुडघे जरा वळू देत,
अंगारकीला जाऊन येते शहरासाठी."
मग तिळाची वडी दिली, कडक, दाताखाली न फुटणारी.
काम काय होतं, ते मी विचारलं नाही.
विचारायचं माझं कामच असतं एरवी.

अंगारकीला रजा टाकली. कॅमेरा घरी.
भाच्याची परीक्षा होती,
म्हणून तिची चटई माझ्या खांद्यावर.
ती चटई घेत नाही, पण बरोबर असावी लागते.
पलासियाला दुसऱ्या पेपरचा नवा पोरगा,
मांडी घालून, लेन्स जमिनीला टेकवून.
मध्येच ई-रिक्षा आली.
"अम्मा, एक बार और," तो म्हणाला.

तिनं पडल्या पडल्या मान वळवली,
माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतो म्हणून.
हिंदी येत नाही असं थोडंच आहे,
जन्म इंदूरात गेला.
पोरगाही माझ्याकडेच बघत होता.

मी चटई या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.
नारळ तिच्या बोटांशी होता,
मागे हॉर्न वाजत होते,
आणि दोघंही थांबली होती,
मी काय सांगतो त्याच्यासाठी.