कूलर एक, रिकामा

सप्टेंबर. तांडापेठ. घर क्रमांक चारशे अकरा.
माझं काम लोकांच्या पाण्यात डोकावण्याचं:
रांजण, टायर, कुंडीखालची बशी.
बॅटरी मारायची, मान वाकवायची,
अळी दिसली तर दारावर खडूची खूण,
नाही दिसली तरी पाणी ओतायला लावायचं.

मागच्या अंगणात गोविंदा निखाऱ्यांचा कूलर,
मोटार काढून नेलेली,
टपात वीतभर पावसाचं पाणी.
डासाची एकही अळी नाही.
एवढ्या पाण्यात एकही नाही
म्हणजे कुणीतरी खातंय.
तळाशी गंजाच्या रंगाचं,
सहा पायांचं काहीतरी बसून होतं
आणि माझ्या उजेडाकडे बघत होतं.

"नोको सांडू बाई," खाटेवरून म्हातारा बोलला,
"महिना झाला, पोसून रायलो त्याले.
म्या काय देतो म्हना, थे आपलं आपलंच खाते."
नियम सांगितला. दंड सांगितला.
हातमाग विकला तवापासून दंडच भरतो आहो,
असं काहीसं तो म्हणाला,
नीट ऐकू आलं नाही,
शेजारी पिठाची चक्की चालू होती.

रजिस्टरात लिहिलं: कूलर एक, रिकामा.
आठ वर्षांच्या नोकरीतली पहिली खोटी नोंद.
खरं तर दुसरी.

आठवड्याने गेले तर खसाच्या ताटीला
कवच लटकलेलं, पाठीवर उभं उसवलेलं,
आणि फटीतून बाहेर आलेले
पांढरे दोरे, केसाहून बारीक.
निखाऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
पन्नास वर्षं तुटला धागा
न बघता बोटांनी जोडणारा माणूस
ते चार दोरे पुन्हा पुन्हा मोजत राहिला.
"श्वासाच्या नळ्यांचं अस्तर आहे ते,"
मी म्हणाले.
"म्हंजे दमबी इथंच सोडून गेला?"

कुठे गेला, ते मला धड सांगता येईना.
पिवळा चतुर. अंबाझरी, फुटाळा त्याच्या फारसे कामाचे नाहीत;
जे पाणी दिवाळीपर्यंत उरणार नाही
तेच त्याला हवं.
मग वारा फिरला की समुद्रावरून आफ्रिका,
आणि तिथून परततो तो हा नसतोच,
याचा नातू, पणतू, कुणीतरी.
"मंग रस्ता कोन सांगते त्याले?"
माहीत नाही, म्हणाले.

दोघांनी मिळून कूलर कलंडवला.
पाणी नालीकडे गेलं,
थोडा गंज, दोन पानं,
बस.
नोंद आता खरी झाली होती.

गल्लीच्या तोंडाशी काळ्या नव्या कारच्या टपावर
एक चतुर शेपटी बुडवत होता,
उडून पुन्हा, पुन्हा,
तापल्या कोरड्या पत्र्यावर.
मादी असावी.
माझ्या कामाचं पाणी नव्हतं ते,
तरी थांबले, रजिस्टरानेच हाकललं.
इथं नाही गं, म्हटलं.
चारशे अकरात ये पुढच्या पावसात.
तू नाही तर
कुणालाही पाठव.